बियाण्याचं झाड

दर उन्हाळ्यात अ‍ॅमस्टेलव्हीन या डच शहरातून पळून आम्ही ज्याच्या तंबाखूच्या जुन्या कोठारात चार दिवस राहतो, तो म्हातारा काहीही विचारलं की आधी आभाळाकडे बघतो. वाय-फायचा पासवर्ड विचारला तरी. मागच्या वाफ्यात तो हौसेने थोडी तंबाखू लावतो आणि पानं भरावीत म्हणून तिची गुलाबी फुलं खुडून फेकून देतो.

यंदा एका झाडावर फुलं दिसली. त्याच्या नजरेतून सुटली असणार, म्हणून मी ती खुडली आणि बायको सहलीलाही सोबत आणते त्या छोट्या गणपतीला वाहिली.

"गणपतीला तंबाखू?" बायको म्हणाली. "आणि ते झाड त्याने बियाण्यासाठी ठेवलं होतं. वडिलांपासूनचं वाण आहे त्याचं. कालच सांगत होता, तू फोनमध्ये होतास."

मी जाऊन गणपतीसकट सगळं कबूल केलं. एरवी डच माणूस तोंडावर बोलून मोकळा होतो. हा आभाळाकडे बघून आत गेला. दिवसभर मी पडद्याआडून त्याच्या दारावर पाळत ठेवली. आलो होतो आरामाला.

सकाळी आमच्या उंबऱ्यावर कपभर झेंडू होते. तो त्या झाडापाशी उभा होता. उरलेल्या एकुलत्या कळीला त्याने पातळ कापडाची पिशवी बांधली होती.

"तुमच्या देवाला झेंडू चालतात ना?"

"चालतात. बी धरेल?"

तो आभाळाकडे बघत राहिला. मीही बघितलं.

पुढच्या उन्हाळ्याच्या बुकिंगचा मेल त्याला लिहून ठेवलाय. अजून पाठवलेला नाही.