आईजवळ कोण आहे?

युरोपची टूर करायचं आमचं ठरून कितीतरी वर्षं झाली होती. पण सासूबाई मिरजेहून आमच्याकडे ऑकलंडला आल्या आणि थोड्याच दिवसांत अंथरुणाला खिळल्या. मग हिल्सबरोच्या आमच्या घरातून आम्ही दोघांनी एकत्र बाहेर पडणंच बंद झालं. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत होते, हे तिथेच भूलतज्ज्ञ. एकाची ड्यूटी संपली की दुसऱ्याची सुरू, अशा पाळ्या आम्ही मागून घेतल्या होत्या. लग्न असो, मंडळाचा गणपती असो, कुणीतरी एकानंच जायचं. साधं कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला निघालं तरी "आईजवळ कोण आहे?" हे विचारल्याशिवाय आमच्या घरात कुणी चपला घालत नसे.

ऑगस्टमधल्या एका पावसाळी सकाळी त्या गेल्या, झोपेतच. ह्यांनी सगळं नीट केलं. भारतात फोन केले, क्रिया केली, आठवड्यानं कामावर गेले. रडताना मी त्यांना पाहिलं नाही. पुढे बरेच महिने आम्ही उगीचच आळीपाळीनं घरी येत राहिलो. पाळी बदलून मागायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटी मुलीनंच विषय काढला. ती त्या वर्षी पामर्स्टन नॉर्थला जनावरांची डॉक्टर व्हायला गेली होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण शाळेत जायला लागल्यापासून उत्तर कायम इंग्रजीत. फोनवर म्हणाली, "मम, जस्ट गो! यू गाइज नेव्हर गो एनीव्हेअर."

म्हणून आम्ही पुढच्या जूनमध्ये गेलो. लंडनहून बसनं निघायचं, पाच-सहा देश पाहायचे आणि शेवटी प्राग. बस जवळजवळ सगळी न्यूझीलंडच्याच लोकांनी भरलेली होती. त्यातलं एक म्हातारं जोडपं आमच्याशी फार जुळलं. त्यांचा पामर्स्टन नॉर्थच्या बाहेर गाईंचा फार्म होता. मुलगी तिथेच शिकते म्हटल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "तिला आमच्याकडे पाठवा, आमच्याकडे हीप्स ऑफ काऊज आहेत." माणूस धिप्पाड होता, आणि व्हिएन्नाच्या राजवाड्यातसुद्धा जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालूनच फिरला. त्यांची बायको शाळेत शिक्षिका होती, कमी बोलणारी. मी औषधांची पिशवी घेऊन निघाले होते, त्यामुळे बसमधल्या अर्ध्या लोकांना कशावर ना कशावर गोळी दिली होती. ते काका मला सगळ्यांसमोर "केमिस्ट" म्हणून हाक मारायचे.

प्रागला पोचलो तेव्हा सगळे थकले होते. चर्च आणि राजवाडे डोक्यात एकमेकांत मिसळून गेले होते. तरी ते शहर पाहायला सगळे बसच्या खिडक्यांना चिकटले. कम्युनिस्ट राजवट संपून नुकतंच जगाला मोकळं झालेलं शहर. कुठे भिंती कोळशासारख्या काळ्या, तर शेजारचीच इमारत नव्यानं रंगवलेली, पिवळीधमक. टूरचा शेवटचा दिवस होता. सकाळी किल्ला पाहिला, पुलावरून चालत आलो, आणि जुन्या चौकात आल्यावर गाइडनं सांगितलं, आता दुपारभर तुम्ही मोकळे, संध्याकाळी निरोपाचं जेवण आहे.

चौकात ते प्रसिद्ध घड्याळ आहे. त्याच्या मनोऱ्यावर चढायचं ह्यांच्या मनात होतं. माझा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते." ते कॅमेरा गळ्यात अडकवून गेले. फार्मवाल्या काकूही माझ्याजवळ बाकावर टेकल्या, काका आइस्क्रीम आणायला गेले. ऊन छान होतं.

हे खाली आले ते मला आधी दिसले. दारात उभे राहून चौकाकडे बघत होते. मी हात केला. ते चालत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, आपण कुठे आहोत?"

ह्यांना थट्टा करायची सवय. मी म्हटलं, "ऑकलंडला, पेनरोजच्या गोदामात."

ते हसले नाहीत. "नाही, खरंच सांग. हे कुठलं शहर आहे? आपण इथे कसे आलो?"

त्यांच्या डोळ्यांत मी बघितलं. ही थट्टा नव्हती. मी सांगितलं, आपण टूरवर आलोय, हे प्राग आहे, आज शेवटचा दिवस. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग तिथेच दोन्ही हात पुढे ताठ धरले, डोळे मिटले, एकेका हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावलं, जीभ बाहेर काढून मला म्हणाले, "सरळ आहे का? चेहरा वाकडा नाही ना झालाय?" मी नाही म्हटलं. "मग स्ट्रोक नाही. हात चालतायत, बोलणं स्पष्ट आहे." ते थोडं थांबले. "पण अगं, आपण कुठे आहोत?"

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा हात पुढे केले, डोळे मिटले, नाकाला बोट लावलं. "सरळ आहे का?" तेच शब्द, तोच आवाज, अगदी तसंच थांबणं. माझ्या बाजूला काकू उठून उभ्या राहिल्या होत्या.

आणि मग ह्यांना काहीतरी सुचलं. चेहरा एकदम घाबरा झाला. "आपण दोघंही इथे? मग आईजवळ कोण आहे?"

मी खरं सांगितलं. दुसरं काय सांगणार? "अहो, आई गेल्या. गेल्या वर्षी. तुम्हीच सगळं केलंत ना त्यांचं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आई गेली?" म्हणाले, आणि भर चौकात, त्या सगळ्या गर्दीत, खाली दगडांवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. इतक्या वर्षांत मी ते रडणं ऐकलं नव्हतं. मी गुडघा विसरून खाली बसले, त्यांची पाठ चोळत राहिले. तेवढ्यात घड्याळाचे टोल पडले. लोक माना वर करून बाहुल्या बघायला लागले. आमच्याभोवती कॅमेऱ्यांचा आवाज चालला होता.

हळूहळू रडणं थांबलं. त्यांनी डोळे पुसले, ओला हात बघितला, आजूबाजूला बघितलं.

"अगं, मी का रडतोय? आपण कुठे आहोत?"

आणि थोड्या वेळानं, "आईजवळ कोण आहे?"

मला दुसऱ्यांदा ते जमलं नाही. मी म्हटलं, "शेजारच्या बाई आहेत. रात्रीही राहणारेत."

"बरं झालं," ते म्हणाले. "तिला तांदळाची पेज आवडते, सांगितलंयस ना त्यांना?"

"सांगितलंय."

माझ्या पिशवीत ओकारीवर, तापावर, पोट बिघडण्यावर, सगळ्यावर औषध होतं. मी ती पिशवी उघडून आत बघत होते हे मला आठवतं. काय शोधत होते कोण जाणे.

काका दोन्ही हातांत आइस्क्रीम घेऊन आले. काकूंनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं असावं, कारण त्यांनी आइस्क्रीम तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि ह्यांच्या दंडाला धरून उठवलं. काकूंनी एका पोलिसाला गाठून खाणाखुणांनी टॅक्सी मिळवली. आम्ही चौघं हॉस्पिटलात गेलो.

मी आयुष्यभर हॉस्पिटलात काम केलेली बाई. पण तिथे भिंतीवरची एक पाटी मला वाचता येईना. उंच छताची जुनी इमारत, लांबलचक कॉरिडॉर, फिनाइलचा तोच वास, आणि मी काउंटरवर उभी राहून कपाळाला हात लावून दाखवतेय, "मेमरी, मेमरी." काउंटरवरची बाई आधी चेकमध्ये, मग जर्मनमध्ये काहीतरी विचारत होती. शेवटी एक तरुण डॉक्टर मुलगी आली. तिला थोडं इंग्रजी येत होतं. तिनं ह्यांना तपासलं, नाव विचारलं, वर्ष विचारलं. नाव बरोबर सांगितलं, वर्ष चुकलं. कुठे आहात विचारल्यावर ह्यांनी पाट्यांकडे बघून अंदाज केला, "युरोपात कुठेतरी." भूल उतरताना रोज पेशंटला हेच प्रश्न ते स्वतः विचारत, आणि उत्तर आल्याशिवाय कुणाला वॉर्डात सोडत नसत.

डोक्याचा स्कॅन झाला. तो नॉर्मल निघाला. डॉक्टर मुलीनं शब्द शोधत शोधत मला सांगितलं, की हे असं क्वचित होतं, मेंदू काही तास नवीन काही साठवत नाही, मग आपोआप परत येतो. औषध नाही. थांबायचं.

"किती वेळ?"

तिनं खांदे उडवले. "संध्याकाळ? उद्या? वाट बघा."

"आणि नाही आलं तर?"

तिला बहुतेक कळलं नाही. किंवा कळलं असेल. ती माझ्या हातावर हात ठेवून निघून गेली.

नर्सनं मला मुलीला फोन करू दिला. तिकडे रात्र झाली होती. मी जेमतेम दोन वाक्यं बोलले, तेवढ्यात ह्यांनी हात पुढे केला, "कोण आहे? दे इकडे." आणि अगदी नेहमीच्या, हौशी आवाजात, "काय गं, कशी आहेस? शाळा काय म्हणतेय?" ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मग हे म्हणाले, "आजी आहे ना तिथे? दे तिला फोन."

मी रिसीव्हर ओढून घ्यायला गेले, पण त्यांनी तो घट्ट धरला होता. मी कान त्याला लावला. मग मुलीचा आवाज आला, जरा अडखळत, पण मराठीत.

"बाबा, आजी झोपलीये. उठली की सांगते."

"बरं बरं. नको उठवूस," असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला रडू आवरेना. तीही रडत होती. आम्ही दोघी तशाच थोडा वेळ फोन धरून राहिलो.

ती सगळी दुपार ह्यांना एका खोलीत झोपवून ठेवलं होतं. दर काही मिनिटांनी प्रश्न यायचे, त्याच क्रमानं. कुठे आहोत, कसे आलो, मग ते हात पुढे करणं, नाकाला बोट लावणं, आणि शेवटी आई. आधी मी उत्तरं देत होते. मग माझा आवाज चढायला लागला. एकदा मी ओरडलेच, "किती वेळा सांगू?" ते इतके दचकले की मला उठून भिंतीकडे तोंड करावं लागलं. तेव्हा काकांनी खुर्ची पलंगाला लावली आणि म्हणाले, "केमिस्ट, तुम्ही बसा. आता माझी पाळी."

आणि ते बसले. ह्यांनी इंग्रजीत विचारायचं, "कुठे आहोत आपण?" काकांनी म्हणायचं, "प्राग, मेट. झकास जागा आहे." प्रत्येक वेळी जणू पहिल्यांदाच विचारलंय असं. आईचं विचारलं की, "शी इज फाइन, मेट. स्वीट अ‍ॅज." म्हणजे सगळं मजेत. न कंटाळता, तोच मऊ आवाज. हे कसं जमतं असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, अडलेल्या गाईजवळ असंच बसावं लागतं, करण्यासारखं काही नसतं, पण तिला कळलं पाहिजे की कुणीतरी आहे.

काकूंनी कुठूनतरी ब्रेड आणि चहा आणला. निरोपाच्या जेवणाला दोघंही गेले नाहीत. मी जा म्हटलं तर काकू म्हणाल्या, "इतके दिवस बटाटेच खातोय, आज नाही खाल्ले तर काय बिघडतंय?"

तिकडे उन्हाळ्यात सूर्य लवकर मावळत नाही. खिडकीतून बराच वेळ पिवळं ऊन पलंगावर पडलेलं होतं. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते आणि तो आला नाही. हे छताकडे बघत पडले होते. मला वाटलं, डोळा लागला.

मग ते हळूच मराठीत म्हणाले, "अगं, ह्यांचं आज जेवण होतं ना सगळ्यांबरोबर? हे इथे का बसलेत?"

काही विचारायची हिंमत होईना. एखादा शब्द चुकीचा पडला तर सगळं पुन्हा जाईल अशी भीती. त्यांनी माझ्याकडे कूस वळवली. थोड्या वेळानं म्हणाले, "आज आई असती तर घाबरून गेली असती."

मी काकांना सांगायला वळले. त्यांनी माझा चेहरा बघितला, उठले, आणि काही न विचारता बायकोला घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी आम्हाला सोडलं आणि आम्ही सगळ्यांबरोबरच परत निघालो. ऑकलंडला आल्यावर पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. का झालं ते कुणाला सांगता आलं नाही, बहुधा पुन्हा होणार नाही एवढं सांगितलं. हे कामावर रुजू झाले. पुलापासूनचा तो सगळा दिवस त्यांना कधीच आठवला नाही. मनोऱ्यावरून काढलेले फोटो धुऊन आले, ते त्यांनी परक्यानं काढलेले असावेत तसे बघितले. "छान आलेत," म्हणाले.

पुढे काही महिन्यांनी मंडळातली चार-पाच कुटुंबं जेवायला आली होती. मुलगीही सुट्टीला घरी होती. ह्यांनी नेहमीप्रमाणे तो किस्सा काढला. पैसे भरले सहा देशांचे आणि दिसले पाचच, टूरवाल्यांकडून प्रागचे परत मागायला हवेत, वगैरे. आपण कसे नाकाला बोट लावत होतो ते उभं राहून करून दाखवलं. ते त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं होतं. सगळे खूप हसले. मी पुऱ्या तळायच्या म्हणून आत आले.

मुलगी मागोमाग आली. दार लोटून घेतलं.

"मम, डझ ही नो? अबाउट आजी? ऑन द फोन?"

"नाही," मी म्हटलं. "चौकात रडले तेही नाही सांगितलं मी."

"गुड." तिनं लाटणं घेतलं आणि लाटायला लागली. तिच्या पुऱ्या वेड्यावाकड्या होत होत्या, पण फुगत होत्या.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "तू त्या दिवशी मराठीत बोललीस त्यांच्याशी."

तिचा हात थांबला. "डिड आय?" ती म्हणाली. तिला खरंच आठवत नव्हतं. बाहेरून ह्यांची हाक आली, "अगं, पुऱ्या येऊ देत," आणि ती ताट घेऊन बाहेर गेली.