दादाची पाठ नव्हती दुखत

पायाळूच्या लाथेने हार्ट अटॅक बरा होत नाही.

माझा मोठा भाऊ रुपेशदादा आज सकाळी गेला. आगाशीला, आमच्या घरी.

"पाठीच्या दुखण्याने गेला" असं जे लिहितायत त्यांनी बंद करा. हार्टने गेला तो.

दादाला मणक्याचा संधिवात. मणके चिकटत गेले, माणूस पुढे वाकला. गावाने नाव ठेवलं कोयता. तो पण हसायचा, "कोयता आहे म्हणून केळीचे घड उतरवतोय. सरळ असतो तर तुझ्यासारखा मस्कतला साइटवर लोखंडी पाइप ओढत बसलो असतो."

मागच्या सुट्टीत मीच त्याला विरारला दाखवायला नेलं. डॉक्टर मॅडम स्पष्ट बोलल्या, "ही सूज मणक्यात थांबत नाही. हार्टला, रक्ताच्या नळ्यांना पण धरते. छातीत दुखलं तर पाठ समजू नका. आधी ईसीजी."

घरी सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना.

काल संध्याकाळी दादा वाडीतून घामाने भिजून आला. छाती आवळतेय, डावा हात जड.

वहिनी म्हणाली, रिक्षा बोलवा.

काका म्हणाले, "रिक्षा कशाला? उसन भरलीय. पायाळूला बोलवा."

आमच्याकडे पाठीत उसण भरली की जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाकडून लाथ मारून घेतात. पाठ लचकली तर घ्या ना. मी पण घेतलीय.

पण हार्टवाल्याला?

ओट्यावर पालथा घातला त्याला. चुलतभावाने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. "कोयता सरळ करतायत 😂"

व्हिडिओत दादा बोलतोय, "अरे पाठ नाय रे... पुढे दुखतंय, पुढे."

मागे सगळे हसतायत.

साइटवरून रूमवर आलो, तेव्हा बघितलं. लगेच फोन लावला. "काका, त्याला आत्ताच्या आत्ता न्या."

"झोपलाय तो. आराम पडलाय. तू तिकडे बसून डॉक्टरकी नको करू."

सकाळी उठलाच नाही.

आता चुलतभावाने व्हिडिओ डिलीट केलाय. त्या जागी दिव्याचा फोटो आणि हात जोडलेले.

थू.

अंत्ययात्रा व्हिडिओ कॉलवर बघितली. दादा तिरडीवर सपाट होईना, मान वरच राहायची. कोणीतरी बोललं, "जरा दाबा."

वहिनी ओरडली, "हात लावायचा नाय! उशी द्या त्याला."

उशी दिली. एवढं एकच काम नीट झालं.

कोणाच्या घरी असं वाकलेलं माणूस असेल आणि छातीत दुखतंय म्हणालं, तर त्याचं ऐका. पाठीवर पाय ठेवू नका.

दादा, पुढे दुखत होतं.

मी ऐकलं रे.

जा आता. वाकूनच जा.