डोंगर पेटला त्या दुपारी

होळी होऊन गेली होती. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं डोंगर चढणारी मैत्रीण मुलाकडे बंगळूरला कायमची राहायला गेली होती, आणि नवऱ्याच्या गुडघ्यांना चढ सोसत नव्हता. म्हणून त्या वर्षी मी एकटीच निघाले. पन्नाशी उलटलेली बाई एकटी डोंगरात जाते म्हटल्यावर सोसायटीतल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. मी ते मनावर घेतलं नाही. उजाडायच्या आत सूसमधल्या घरून स्कूटर काढली, पायथ्याच्या रिहे गावात देवळापाशी लावली आणि भाताच्या मोकळ्या खाचरांच्या बांधावरून डोंगराकडे चालू लागले.

सकाळ फार सुंदर होती. चढावर पळस फुलले होते, सावरीच्या झाडांखाली लाल फुलांचा सडा पडला होता. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुलं आली होती आणि त्यांचा वास वाटभर येत होता. वर डोंगराच्या धारेला पोचल्यावर मी दगडावर बसून घरून आणलेली पोळीभाजी खाल्ली. कुणी बोलायला नव्हतं आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. पलीकडच्या डोंगरावर धुराची एक बारीक रेघ दिसत होती. या दिवसांत कुठे ना कुठे गवत पेटलेलं असतंच. मी ती पाहिली आणि पाण्याचा घोट घेऊन पुढे निघाले.

आल्या वाटेनं परत जायचं नाही, धारेवरून बरंच पुढे जाऊन दुसऱ्या सोंडेनं उतरायचं, असं ठरवलं होतं. सोंडेवर गवत माझ्या कमरेइतकं उंच होतं आणि पापडासारखं कडकडीत वाळलेलं. दुपार कलायला लागली तसा पश्चिमेचा वारा सुटला. थोडं उतरले असेन, तोच नाकात धूर गेला. मग आवाज ऐकू आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. एक ससा खालून धावत आला आणि माझ्या पायाजवळून वर पळून गेला. मला पाहून तो बिचकलासुद्धा नाही. त्या सशामुळे मी घाबरले.

खाली, जिथून मला उतरायचं होतं, तिथे सोंडेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाळ लागला होता आणि वारा त्याला वर ढकलत होता.

मी मागे वळले. चढावर पळता येईल असं मला का वाटलं कोण जाणे. पंधरावीस पावलांत छाती फुटायला आली. मागे पाहिलं तर जाळ मघापेक्षा जवळ होता. माझ्या तोंडातून रडण्यासारखा काहीतरी आवाज निघत होता आणि तो मला थांबवता येत नव्हता. तेवढ्यात उजव्या हाताला, उतारात, एक मोठा उघडा कातळ दिसला. त्याच्यावर गवताची काडीही नव्हती. मी करवंदीतून आडवी घुसले. ओढणी अडकली, ती ओरबाडून घेतली, आणि रांगत कातळावर गेले.

तिथे आधीच एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, साडी वर खोचलेली, हातात काठी. ती खालच्या घळीकडे तोंड करून कुणाला तरी हाका मारत होती. मला पाहून तिनं पहिला प्रश्न विचारला, "आमची गाय दिसली का वो कुटं? तांबडी हाय."

"नाही दिसली," मी म्हटलं. "ताई, आग इकडेच येतेय."

"दिसतंय की मला. गाय घळीत गेली आसंल. मी जाते खाली."

घळ वाळक्या पाचोळ्यानं भरली होती. तिच्या तोंडाशी धूर गोळा व्हायला लागला होता. ती बाई कातळाच्या कडेला बसून पाय खाली सोडायला लागली, तसा मी तिचा दंड धरला. तिनं हिसका दिला. ती माझ्यापेक्षा कितीतरी ताकदीची होती.

"सोडा मला. दुभती गाय हाय ती."

"नका जाऊ," मी म्हटलं. "मला इथे एकटीला सोडून जाऊ नका."

खरं सांगायचं तर मला त्या गायीचं काही पडलं नव्हतं, आणि त्या क्षणी बहुतेक त्या बाईचंही नाही. मला फक्त एकटीनं मरायचं नव्हतं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग पाय वर घेतले आणि ती माझ्याशेजारी येऊन बसली. थोड्याच वेळात घळीत भसकन जाळ उठला.

बाटलीत उरलेलं पाणी मी ओढणीवर ओतलं. आम्ही कातळाच्या मधोमध पालथ्या पडलो आणि ओली ओढणी दोघींच्या डोक्यावर घेतली. मग जाळ दोन्ही बाजूंनी आला. पाठ भाजायला लागली. केसांवर ठिणग्या पडत होत्या आणि ती हातानं माझे केस झटकत होती, मी तिचे. श्वास घेतला की घसा सोलून निघत होता. ती सारखी देवीचं नाव घेत होती. मला एकही देव आठवेना. माझ्या डोक्यात इतकंच चाललं होतं की दह्याचं विरजण लावलेलं पातेलं ओट्यावरच राहिलंय, उन्हानं आंबट होईल.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आवाज हळूहळू वरच्या अंगाला सरकला. ओढणी काढली तेव्हा सगळा उतार काळा होता आणि करवंदीच्या जाळ्यांतून धूर निघत होता. मी उठून बसले तेव्हा लक्षात आलं, माझी सलवार ओली होती. मी ती कुर्त्यानं झाकायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माजं बी तसंच झालंय."

आणि मग आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला रडू फुटलं आणि बराच वेळ थांबलं नाही. तिनं पाठीवर हात ठेवला.

जमीन इतकी तापली होती की लगेच उतरणं शक्य नव्हतं. तिच्या पायात रबरी चपला होत्या. मी माझे जाड मोजे तिला दिले, ते तिनं चपलांच्या आत घातले. उन्हं तिरकी झाल्यावर आम्ही एकमेकींचा हात धरून राखेतून उतरायला लागलो. वाटेत एक बुंधा अजून आतून जळत होता. वाऱ्यानं त्याचा निखारा फुलला की आम्ही दोघीही जागच्या जागी थांबायचो. ती प्रत्येक काळ्या गठ्ठ्याकडे निरखून बघत होती. गाय कुठेच नव्हती.

निम्म्या उतारावर रिह्यातली माणसं भेटली. हिरव्या डहाळ्या घेऊन ती आग झोडपायला वर येत होती. त्यात तिचा नवरा होता. तिच्याकडे बघून त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढला आणि तोंड पुसलं. मग म्हणाला, "गाय दुपारीच आलीया घरी."

घरी पोचताच ती आधी गोठ्यात गेली. गाय रवंथ करत होती. तिनं गायीच्या पाठीवर एक जोराची चापट मारली, आणि मग तिच्याच मानेत तोंड घालून उभी राहिली. मी दारातून मागे फिरले.

त्यांनी मला चहा दिला. देवळापाशी येऊन स्कूटरवर बसले, पण एकटीनं निघायचा धीर होईना. शेवटी तिचा नवरा मोटरसायकल घेऊन माझ्यापुढे घोटावड्यापर्यंत आला आणि हमरस्ता लागल्यावर हात करून परत गेला. घरी नवऱ्यानं जळक्या केसांकडे पाहून विचारलं तेव्हा मी सगळं सांगितलं.

त्यानंतर बरेच दिवस सोसायटीत कुणी पालापाचोळा जाळला तरी मी खिडक्या लावून घ्यायचे. गॅस पेटवताना मी मान दुसरीकडे करायचे. डोंगरावर मी अजून एकटी गेलेली नाही. जायचं मनात येतं, बूटही बाहेर काढते, आणि मग पुन्हा कपाटात ठेवून देते.

कातळावरच्या त्या बाईनं त्या दिवशी माझा नंबर घेतला होता, तिचा अधूनमधून फोन येतो. मागच्या वेळी मी तिला विचारलं, "तुम्ही जाता का हो त्या सोंडेवर?"

"जावंच लागतंय," ती म्हणाली. "पर वारं सुटलं की गाय हाकत खाली येते."

मग तिनं विचारलं, आज जेवायला काय केलंय.