कॅमेऱ्याचा शुद्ध मराठी पत्ता

आपाच्या घरातला कॅमेरा माझ्यामुळे तीन दिवस बंद राहिला, असे आमच्या नेरूळच्या सोसायटीत सांगितले जाते. हे धादांत असत्य आहे. तो अडीच दिवस बंद होता.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, जीभ पंचविशीतली. ती आमच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मागच्या महिन्यात ती स्वयंपाकघरात पाय घसरून पडली आणि तासभर कोणाला काही कळले नाही. (मी बरोबर तिच्या खाली वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ‘‘आवाज नाही आला?’’ असे मला सर्वांनी विचारले. आला होता. पण आपाच्या घरातून आवाज येणे ही काही बातमी नव्हे!) तिचा मुलगा अस्लम पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘‘मामू, रविवारी येतो आणि अम्मीला कायमची घेऊन जातो.’’ आपाला जायचे नव्हते. मलाही ती जायला नको होती, कारण या वयात भांडायला नवे माणूस शोधणे अवघड असते. अखेर तह झाला. आपाकडे कॅमेरा बसवायचा, चित्र खाली माझ्या संगणकावर उमटवायचे आणि पहारा मी करायचा. रविवारपर्यंत चित्र दिसले तर आपा नेरूळात. नाही तर पुण्यात.

गुरुवारी संध्याकाळी कॅमेरावाला आला. त्याने कॅमेरा आपाच्या शोकेसवर ठेवला, वायर खिडकीतून आमच्याकडे सोडली आणि आकड्यांची एक चिठ्ठी माझ्या हाती दिली. ‘‘काका, हा पत्ता टाकला की चित्र दिसेल. मी टाकून देऊ?’’ असे त्याने विचारले, हे खरे आहे. मी ‘‘गरज नाही’’ म्हणालो, हेही खरे आहे. एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला दहा-बारा आकडे उतरवून काढता येणार नाहीत, असे मानणे हा त्या पेशाचाच अपमान ठरला असता.

मी पत्ता टाकला. संगणक म्हणाला, ‘पत्ता सापडत नाही.’ मी सात वेळा टाकला. चिठ्ठी आणि पडदा समोरासमोर धरून अंकन् अंक, टिंबन् टिंब ताडून पाहिले. शुद्धलेखनाची एक चूक असेल तर शपथ! तेव्हा दोष वरच्या मजल्यावर आहे, हा निष्कर्ष तर्काला धरूनच होता. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

‘‘आपा! कॅमेऱ्याचं बटण बंद करून चालू कर!’’

‘‘कुठचा बटन? इथं चार हायत!’’

‘‘तांबडा दिवा आहे ते!’’

‘‘केला बंद. दिवा गेला!’’

‘‘आता चालू कर!’’

‘‘आताच बंद कर म्हनलास ना?’’

‘‘बंद करून चालू!’’

‘‘हमीद, एकदा काय ते ठरव आनि मग बोंबल!’’ असे म्हणून तिने खिडकी लावून घेतली.

तो दिवा फ्रीजच्या बटणाचा होता. ही गोष्ट शुक्रवारी दुपारी आपाच्या सुरमईने सर्व मजल्यांना कळवली.

शनिवारी माझा संशय वायरीवर गेला. वायर सैल असेल तर चित्र अडखळणार, हे कोणीही मान्य करील. (कोणीही मान्य केले नाही.) म्हणून मी ती खिडकीतून किंचित ओढली. ‘‘मास्तरांनी हिसका मारला,’’ असे वॉचमन सांगत फिरतो. त्याच्या प्रत्येक विधानाला उत्तर देणे मला शोभत नाही. वर कॅमेरा शोकेसवरून निघाला आणि आपा भाकरीसाठी तांदळाचे पीठ मळायला बसली होती, तिच्या परातीत पडला.

‘‘मेल्या, आता माझ्या भाकरीवर बी पहारा?’’ हे वाक्य सोसायटीच्या चारही इमारतींनी ऐकले.

माझी सून सना रबाळ्याच्या एका कंपनीत संगणकाचेच काम करते. तिने गुरुवारपासून तीनदा, ‘‘अब्बा, मी बघू का?’’ असे विचारले होते आणि मी तीनदा, ‘‘तू दमून येतेस, आराम कर,’’ असे म्हटले होते. याला लोक अहंकार म्हणतात. मी वात्सल्य म्हणतो. रविवारी सकाळी मी चहाला उठलो, तेवढ्यात ती माझ्या खुर्चीवर बसली. अर्धे मिनिट तिने पडदा न्याहाळला.

‘‘अब्बा, हे आकडे तुम्ही मराठीत टाकलेत?’’

‘‘संगणक मराठी, कळफलक मराठी, मी मराठी. मग काय चिनी भाषेत टाकू?’’

‘‘पत्त्याला इंग्लिश आकडे लागतात ओ!’’

‘‘इंग्लिश? सूनबाई, ते आकडे आपल्या देशातून अरबांनी नेले आणि अरबांकडून युरोपाने घेतले! आकड्यांच्या माहेरचेच आकडे तुझ्या यंत्राला वाचता येत नाहीत? मग अडाणी कोण ठरले?’’

‘‘यंत्र,’’ सना म्हणाली आणि तिने कळफलक बदलला. (ती शहाणी मुलगी आहे. सासऱ्याशी इतिहासावर वाद घालत नाही.)

चित्र तत्काळ आले. संपूर्ण पांढरे!

‘‘पाहिलेस? इंग्रजीतही चालत नाही!’’ असे मी विजयाने म्हणालो, आणि नेमका त्याच क्षणी अस्लम दारात बॅग घेऊन उभा राहिला. वर आपाने कॅमेऱ्याच्या भिंगावरचे पीठ ओढणीने पुसले. पडद्यावर प्रथम तिचे नाक आले, मग चष्मा, मग सगळी आपा. आमचे सगळे बोलणे तिने खिडकीतून ऐकले होते.

ती जिना उतरून खाली आली. अस्लम हळूच म्हणाला, ‘‘अम्मी, मामूंच्या भरवशावर तुला इथे कसं ठेवू? चल ना पुण्याला.’’

‘‘त्याच्या भरवशावर मी कुठं रेते? तोच माझ्या भरवशावर हाय!’’ आपा कडाडली. ‘‘मी गेले तर हा उद्या गॅस बी मराठीत पेटवायला बसंल! याला कोन बघील? मी नाय येत.’’

अस्लमने माझ्याकडे पाहिले, संगणकाच्या पडद्याकडे पाहिले आणि आईचे म्हणणे त्याला पटले. इतक्या लवकर पटायला नको होते.

आता आपाच्या मदतीला दिवसभर एक बाई असते आणि कॅमेरा माझ्या संगणकावर, माझ्याकडे तोंड करून बसला आहे. त्याचे चित्र आपाच्या टीव्हीवर दिसते. त्यात बोलण्याचीही सोय आहे, हे मला कोणी सांगितले नव्हते. काल दुपारी तो एकाएकी गरजला, ‘‘हमीद, तोंड मिट, माशी जाईल!’’ मी खुर्चीत झोपलो होतो, असे त्यावरून आता सांगितले जाते. हे असत्य आहे. मी चिंतन करीत होतो. तोंड उघडे होते, एवढे मात्र मान्य करतो, कारण चित्र फारच स्वच्छ येते.