अक्काची एकादशी

ग्रुपवर सगळ्यांचे अनुभव वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात हसते, हे आधीच कबूल करते. माझं शिक्षण मत्स्यशास्त्राचं. पाणी बिघडलं तर मीटर लावायचा, मासा मेला तर चिरून बघायचा — अशी आमची रीत. भूत, संकेत, आत्मा असल्या गोष्टींना माझ्या डोक्यात जागाच नव्हती. अजूनही फारशी नाही... पण एक गोष्ट आहे, ती सांगून टाकते.

आमचं गाव पाचोऱ्याजवळ. मी एम.एफ.एस्सी.ला कोकणातल्या कॉलेजात होते. तिथली समुद्राकाठची पोरं मला चिडवायची, "जळगावची ना तू? मग केळी सोडून माशांच्या मागे कशाला लागलीस?" तेव्हाच ठरवलं होतं, प्रोजेक्ट करीन तर आमच्याच शेततळ्यात. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं, कापूस आणि मक्याच्या मधलं साधं तळं. त्यात रोहू आणि कटला वाढवायचे, वाढ मोजायची आणि शेवटी सगळे काढून वजन घ्यायचं. हे शेवटचं वजन नसेल तर प्रोजेक्ट शून्य, म्हणजे डिग्री गेली.

अडचण एकच होती, अक्का. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. आमच्याच घरी राहायची. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, मुक्ताईनगरला मुक्ताईच्या दर्शनाला जाणं कधी चुकलं नाही. माळकरणीच्या घरात मत्स्यपालन! मी विषय काढला त्याला दोन-तीन दिवस झाले. मग एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "कर माय. तुन्ही शाळा शे ती. पन मना एक शबद ऐक. एकादशीले जायं टाकू नको."

एकादशीला जाळं टाकायचं नाही. एवढंच! मी तिला मिठीच मारली, पिठाच्या हातांसकट.

पण अक्का एवढ्यावर थांबते थोडीच. ती रोज तळ्यावर यायला लागली. 'मासे' हा शब्द तिने कधी तोंडात घेतला नाही, म्हणायची 'पोरे'. खाद्याचा वास घेऊन एकदा तिला कळलं की त्यात मासळीची भुकटी आहे. झालं... एकादशीला खाद्य बंद!

"अक्का, ते वारकरी नाहीत गं," मी वैतागून म्हटलं.

"मना घरना शेतस ना? मंग!" माझ्या घरचे आहेत, मग त्यांनाही उपास, असा तिचा हिशोब.

मी माझ्या गाईड सरांना फोन केला. ते पोट धरून हसले. म्हणाले, "असू दे. अधूनमधून खाद्य बंद ठेवलं तर पाण्यालाही बरंच." मग काय, आमचे रोहू-कटला उपास करायला लागले. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, अक्का स्वतःचा उपास सोडायच्या आधी तळ्यावर यायची, मूठभर खाद्य टाकायची आणि हाक मारायची, "या रे पोरेसहोन, उपास सोडा!" पाणी नुसतं उसळायचं.

हिवाळ्यात अक्का गेली. झोपेतच गेली, काही त्रास नाही. मला प्रोजेक्ट सोडून द्यावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. तळ्यावर गेलं की रडू यायचं.

मासे काढायची वेळ आली तेव्हा मी सगळ्यात आधी कॅलेंडर पाहिलं. एकादशी बघितली आणि तिच्या दुसऱ्या दिवसाची तारीख धरली. मासे काढायच्या आदल्या दिवशी त्यांना उपाशी ठेवायचं असतंच, म्हणजे गाडीत पाणी खराब होत नाही. म्हटलं वा, अक्काचा शब्दही राहिला आणि शास्त्रही!

ठरल्या सकाळी धुळ्याहून व्यापारी नाना टेम्पो, बर्फ आणि जाळंवाले घेऊन आले. जाळं या काठापासून त्या काठापर्यंत ओढलं. वर आला एक बेडूक.

पुन्हा ओढलं. काही नाही. तळ जाळ्याच्या दोरीने खरवडला जाईल इतकं दाबून ओढलं, तरी काही नाही. प्लास्टिकच्या तळ्यात ना चिखल, ना कपार, लपायला जागाच नाही. आठवड्यापूर्वीच मी नमुन्याला मासे काढून तोलले होते! आबांचा चेहरा उतरला. "चोरी व्हयनी का वं?" ते हळूच म्हणाले. नाना बर्फाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होते. डिग्री गेली, असंच वाटलं.

तेवढ्यात आई सगळ्यांसाठी चहा-पोहे घेऊन आली. मी बशी तिच्याच हातात दिली, म्हटलं, तू तरी खा.

"माले नको, मना उपास शे. एकादशी शे आज."

"अगं, एकादशी काल झाली!"

"काल स्मार्त. आपली भागवत, ती आज. अक्का हाईच धरे." कधीकधी कॅलेंडरवर लागोपाठ दोन एकादश्या येतात; दुसरी, भागवत, ती वारकऱ्यांची.

एकादशीला जाळं टाकायचं नाही, हा अक्काचा शब्द फक्त मलाच ठाऊक होता; तो मी सगळ्यांना सांगितला. नानांनी टोपी काढली. स्वतः ते कसलाही उपास करत नाहीत, पण तळ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. "मंग उद्या येऊत, आबा," म्हणाले आणि टेम्पोत जाऊन बसले.

दुसऱ्या सकाळी जाळं टाकायच्या आधी मी काठावर गेले. मासे काढायच्या आधी खाद्य टाकत नाहीत, हे मला परीक्षेत विचारलेलं आहे. तरी मूठभर टाकलं. "या रे पोरेसहोन..." अक्काच्याच चालीत हाक मारली.

आले. सगळे आले. पाणी अक्काच्या वेळी उसळायचं तसंच उसळलं. मी बाजूला झाले आणि जाळंवाल्यांना खूण केली. पहिल्याच ओढीला जाळं चौघांना उचलेना. मी वजनं लिहीत होते आणि रडत होते. आई पाठीवरून हात फिरवत होती.

प्रोजेक्ट पास झालं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "हार्वेस्ट एक दिवस पुढे का ढकललं?" मी आमच्या सरांकडे पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, "घरगुती कारण, सर."

मासे जाळ्याखालून निसटतात, हे मला माहीत आहे. काही निसटतात, सगळे नाही. चंद्राचा परिणाम म्हणाल तर तोही वाचून झाला. पण चंद्राला स्मार्त-भागवत कुठे कळतं? त्या मुक्या जिवांना आमच्या घरची एकादशी कोणती, हे कोणी सांगितलं असेल? मला तर कॅलेंडरवर छापलेलं असूनही कळलं नव्हतं.