भाऊजींचा न वाळणारा फिल्टर
आमच्या भाऊजींना धंदा काय म्हणून विचारा, ते "धूळ" एवढंच सांगतील. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आणि का ते विचारायची सोय नाही. गॅरेज आमच्या ह्यांचं, काउंटरवर मी, आणि मागच्या खोलीत मोरीला खेटून भाऊजी. मोटारसायकलचा कंपनीचा हवेचा कागदी फिल्टर काढून हौशी लोक बाहेरचा कापडी फिल्टर बसवतात ना, चुण्याचुण्यांचा, वर बारीक जाळी असलेला? तो मळला म्हणून फेकायचा नसतो. धुवायचा, तेल पाजायचं, परत लावायचा. एवढं एकच काम भाऊजी एकवीस वर्षं करतायत.

आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झटकायची. मग धुण्याचं औषध फवारून दहा मिनिटं गप्प बसायचं. पाणी आतून बाहेर सोडायचं, नाहीतर घाण कापडात आणखी रुतते. मग सावलीत दोरीवर टांगायचा आणि वाट बघायची. आमच्या ह्यांना कुठला एवढा धीर! एकदा घाईच्या गिऱ्हाइकासाठी ह्यांनी कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर वाळवला, तर कापडाला टाचणीएवढी भोकं पडली. भाऊजी तीन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत. वाळल्यावर चुणीचुणीत लाल तेलाची बारीक धार, मग वीस मिनिटं थांबायचं, जिथे पांढरं राहिलं तिथे एकेक थेंब. जास्त पाजलं की गाडी खोकायला लागते.

आणि त्या बाटल्या! लोक अत्तरं जमवतात, आमचे भाऊजी धूळ जमवतात. प्रत्येक फिल्टरमधली चिमूटभर धूळ औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून वर चिठ्ठी लावतात. फळीवर दीडशे बाटल्या आहेत, पुसायच्या मात्र मी. एकदा वैतागून मी त्यांची परीक्षाच घेतली. एक फिल्टर पुढे केला आणि म्हटलं, "सांगा बघू कुणाचा!" त्यांनी धूळ बोटांवर चोळली, वास घेतला आणि म्हणाले, "वहिनी, हा माणूस पिठाच्या गिरणीच्या दारात गाडी चालू ठेवून गप्पा मारतो." मी गिऱ्हाइकाला विचारलं. गिरणी त्याच्या सासऱ्यांचीच निघाली. त्या दिवसापासून मी त्यांची चेष्टा करते ती जरा बेताने.

माझा भाऊ खडी क्रशरवर मुकादम. चौदा वर्षं झाली. दर दोन महिन्यांनी फिल्टर आणून टाकतो, तोवर आम्ही त्याच्या गाडीला जुना कागदी लावून देतो. त्याची धूळ ओळखायला भाऊजी कशाला हवेत? पांढरीफेक, दगडाची, हाताला पावडरीसारखी लागणारी. पण या खेपेला भाऊजी त्याचा फिल्टर मांडीवर घेऊन बसून राहिले. ब्रशही उचलला नाही.

"काय झालं? फाटलाय?"

"नाही हो वहिनी. तुम्ही जा, काउंटरला माणूस आलाय."

माणूसबिणूस कुणी नव्हतं. मी खनपटीलाच बसले, तेव्हा त्यांनी फिल्टर माझ्यासमोर धरला. दगडाची भुकटी नावालाही नव्हती. साधी रस्त्याची काळपट धूळ, आणि चुण्यांत अडकलेला पांढरा, तलम कापूस. झाडाचा. बोंडं फुटली की उडतो तो. तसलं झाड आमच्या भागात एकच, कालव्याच्या काठी, बंद पडलेल्या पंपघरापाशी. क्रशर बरोबर उलट्या दिशेला.

मी भावजयीला फोन लावला, उगाच इकडचं तिकडचं बोलले आणि मग विचारलं, "हा आहे का गं?"

"आत्ता कुठले ताई? आठलाच गेले कामावर, डबा घेऊन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज बायकोकडून डबा भरून घेतो, आईच्या पाया पडून निघतो आणि झाडाखाली जाऊन बसतो? "येऊ दे संध्याकाळी, चांगली हजेरी घेते!"

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "कुठे जातो ते धुळीने सांगितलं. का जातो ते त्याला सांगू द्या. तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरा." आणि हे सांगतात कुणाला, तर मला! जिच्या तोंडात तीळ भिजत नाही तिला!

संध्याकाळी तो आला. डोळे खोल गेले होते, हे मला त्या दिवशी दिसलं. दोन महिने कुठे होते माझे डोळे, कोण जाणे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊजींनी दोरीवरचा फिल्टर चाचपला. "वाळला नाही रे अजून. उद्या ये. सकाळीच ये, सुट्टी टाकून. बसून घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी तो साडेआठला हजर. तिसऱ्या दिवशीही. एका दिवसात वाळणारा फिल्टर, आणि भाऊजी रोज चाचपून मान हलवायचे, "दमट आहे." ह्यांनी कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं, तर मी असे डोळे वटारले की हे थेट स्कूटरखाली शिरले. सुट्ट्या कशा मिळतात हे भावाला कुणी विचारलं नाही. तो मागच्या खोलीत बसायचा, दुपारी डबा उघडायचा, भाऊजींशी धुळीच्या गोष्टी करायचा. पाचव्या दिवशी आपणहून एक फिल्टर उजेडासमोर धरून भोक शोधलं त्याने. हे भिजत घोंगडं किती दिवस चालणार? तिकडे भावजय रोज पहाटे उठून पोळ्या लाटत होती.

अकराव्या दिवशी डब्याचं झाकण त्याने काढलं आणि तसंच परत लावलं.

"ताई, फिल्टर कधीचाच वाळलाय ना?"

मी भाऊजींकडे बघितलं.

"क्रशर बंद पडून अडीच महिने झाले. आज सांगू, उद्या सांगू करत..."

केवढं बोलायचं ठरवलं होतं मी! त्याऐवजी पदराने त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायचे तसं.

"घरी येशील माझ्याबरोबर?" तो म्हणाला. "दारापर्यंत जातो गं रोज. पुढे जीभच उचलत नाही."

"चल, आत्ता चल!" मी उठलेच.

"थांबा हो वहिनी." भाऊजींनी दोरीवरून फिल्टर काढला आणि दोन्ही बाजूंनी चाचपला. "हं, आत्ता वाळला. पण तेल पाजल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही. वीस मिनिटं."

मग आम्ही तिघांनी तो डबा संपवला, आणि चुण्यांमधून लाल रंग हळूहळू चढताना बघत बसलो. भावाने दोन पांढरे ठिपके दाखवले, भाऊजींनी तिथे थेंब सोडले. मग मी चपला घातल्या.