भिंतीकडची जागा

सांगलीबाहेरच्या एका बेदाण्याच्या शेडमध्ये मी मॅनेजर म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं डोकं फिरलं ते सकाळच्या दहा मिनिटांनी. वीसेक बायका यायच्या, चपला काढायच्या आणि दाराशी नुसत्या उभ्या राहायच्या. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी, जिला साऱ्याजणी मावशी म्हणायच्या, ती एकेकीचं तोंड निरखायची आणि सांगायची, "तू आज हिच्याजवळ बस. तू खिडकीला." मग सगळ्या गोल करून खाली बसायच्या आणि बेदाण्यातल्या काड्या, काळे दाणे वेचायला लागायच्या. रोज नवी मांडणी. कुणी कुठं बसायचं हे कशावरून ठरवता, असं मी विचारलं तर मावशी म्हणाली, "तोंड बघून."

मी कराडला इंजिनिअरिंग केलेली, वर मॅनेजमेंटची पदवी. तोंड बघून काम चालतं हे मला कसलं पटतंय! मी टेबलं आणली, रांगा लावल्या, प्रत्येक जागेवर नंबर चिकटवला. जिचा जो नंबर तिनं तिथंच बसायचं आणि बोलायचं ते जेवणाच्या सुट्टीत. मालक खूश झाले. विश्रामबागेत घरी गेल्यावर मी आईपुढेही शेखी मिरवली, की शेडला आता जरा शिस्त आली.

अकरा नंबर आला शिराळ्याकडच्या एका बाईच्या वाट्याला. तीन महिन्यांपूर्वी तिचा नवरा मोटरसायकलवरून येताना ट्रकखाली गेला होता. ती कामावर परत आल्यापासून मावशी तिला रोज मांडीला मांडी लावून बसवत होती, हे मी पाहिलेलं होतं, पण त्याचा अर्थ लावायची तसदी घेतली नव्हती. अकरा नंबरची जागा भिंतीकडे तोंड करून होती. त्याच दिवशी मावशी माझ्यापाशी आली.

"आवं मॅडम, तेवढी तिला माज्याजवळ ऱ्हाऊ द्या. एकटी पडली की तिचं काय खरं न्हाई."

"मावशी, एकीला सवलत दिली की सगळ्या मागतील," मी म्हणाले. हे वाक्य मी कुठंतरी ऐकलेलं होतं आणि ते वापरायला मिळालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं होतं. आता लिहितानाही लाज वाटते.

मावशी पुन्हा काही सांगायला आली नाही. नंबर बघून मुकाट बसायची. पुढं पुढं तर, "मॅडम, ह्यो ट्रे आधी घिऊ का? पंखा लावू का?" असंही विचारायला लागली. वीस बायकांची मनं सांभाळणारी बाई पंख्याच्या बटनासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला वाटत होतं, किती छान ऐकते ही आता.

शिराळ्याची ती बाई तर माझी लाडकी झाली. मान वर नाही, तोंडातून शब्द नाही, पाणी प्यायलाही उठणं नाही. तिचे ट्रे सगळ्यांच्या आधी व्हायचे. महिनाअखेरीला मी साऱ्याजणींना उभं केलं, तिच्या हातात स्टीलचा डबा दिला आणि म्हणाले, "बघा, काम असं असतं." टाळ्या दबकतच वाजल्या. मावशीनं वाजवल्या नाहीत. तिच्या पोटात दुखतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात दुपारी जेवणाची घंटा झाली, सगळ्या उठल्या, ती उठली नाही. मी जवळ गेले. तिच्यापुढचा ट्रे रिकामा होता आणि तिची बोटं त्या रिकाम्या ट्रेमध्ये वेचत होती. मी हाक मारली, खांद्याला हात लावला, तिला कळलंच नाही. मावशीनं धावत येऊन तिचे दोन्ही हात धरले, तेव्हा कुठं ते थांबले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ही किती दिवस झोपली नाही? जेवते का धड? तिनं रोज किती ट्रे केले ते मला तोंडपाठ होतं. बाकी मला काहीच माहीत नव्हतं.

भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. मी नंबर खरवडून काढले, टेबलं परत पाठवली आणि मावशीला म्हणाले, "उद्यापासून तुम्हीच बसवा सगळ्यांना."

"नगं मॅडम," ती म्हणाली. "आता मला बी सुधरत न्हाई. तुमीच सांगा कुनी कुठं बसायचं ते."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच घाबरली होती. त्यानंतर बायका मिळेल त्या जागी बसू लागल्या आणि बोलायची मुभा असूनही शेड गप्पच राहिली.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी शिराळ्याची ती बाई परत आली. वाळली होती, पण नजर ठिकाणावर होती. दारातच उभी राहिली. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मला काय कळत होतं? मी मावशीकडे वळले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. मावशीनं बराच वेळ तिचं तोंड निरखलं. मग माझं निरखलं.

"मॅडमच्या शेजारी बस," ती म्हणाली.

मी खाली बसले आणि काड्या काढायला लागले. माझ्या हातून निम्म्या काड्या राहत होत्या आणि ती माझ्या ढिगातून त्या वेचून काढत होती. तासाभरानं मी कसंबसं तोंड उघडलं.

"माझं चुकलं गं. पण तू तरी एकदा सांगायचंस ना मला."

"सांगणार हुते," ती म्हणाली. हात चालूच होते. "पर तुमी डबा दिला. मला वाटलं, गप ऱ्हायलेलंच तुमाला आवडतंय."